काफिला पुन्हा अगादीरला निघाला

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीहून भाभींचा फोन आला. भाईजान नोकरीनिमित्त तिकडे एसेन शहरात असतात. इकडची तिकडची खुशाली झाली आणि भाभी म्हणाल्या, ‘‘शेजारच्या आजी यंदा जाणार की नाही, याची साऱ्या इमारतीला काळजी लागलीय.’’

जाणार म्हणजे कुठे? मोरोक्कोला. तेही विमानाने नव्हे, स्वतःचे घर स्वतः चालवत.

युरोपात ज्याला मोटारहोम म्हणतात, ते आपल्याकडे सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनमुळे थोडेफार माहीत झाले आहे. एका मोठ्या टेम्पोएवढ्या गाडीत पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज, न्हाणीघर, छतावर सौर पॅनेल आणि शंभर-सव्वाशे लिटरची पाण्याची टाकी. अशा गाड्या घेऊन दर हिवाळ्यात फ्रान्स, जर्मनी, हॉलंड, बेल्जियम इथले हजारो निवृत्त लोक जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडतात आणि मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर दोन-तीन महिने तळ ठोकतात. एसेनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेआठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, तोही दिसला तर. त्याच दिवसांत अगादीरला दुपारी वीस अंशांच्या आसपास ऊन असते. गुडघे धरलेल्या माणसाला यापुढे अधिक कारण लागत नाही. युक्रेन युद्धानंतर तिकडे घर गरम ठेवण्याचा खर्च वाढला, हे दुसरे कारण.

आजींच्या यजमानांचे कारण मात्र वेगळे होते. ते कोळशाच्या खाणीत कामाला होते. 1963 साली जर्मनीने मोरोक्कोशी करार करून तिथून मजूर आणले, त्यांतले बरेच या रूर भागातल्या खाणींत उतरले. जमिनीखाली शेजारी उभा राहून काम करणारा माणूस कुठल्या देशाचा, हे फार दिवस लक्षात राहत नाही. निवृत्त झाल्यावर एका मोरोक्कन सोबत्याने आग्रहाने गावी बोलावले. पती-पत्नी एकदा गेले आणि मग दर हिवाळ्यात जातच राहिले. शेवटची खाणही 2018 मध्ये बंद झाली, पण यांचा नेम चुकला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. आजींचे वय चौऱ्याहत्तर. आणि गाडी नेहमी तेच चालवत.

एकट्याने हा प्रवास करणारे लोक आहेत, पण बहुतेक जण गटाने जातात. या गटात नऊ गाड्या आहेत. सगळ्या एकामागोमाग चिकटून धावत नाहीत. तसे केले तर रस्ता अडेल. दोन-दोन, तीन-तीन अशा निघतात आणि संध्याकाळी ठरल्या मुक्कामी भेटतात. पुढच्या गाडीत रस्ता जाणणारा, शेवटच्या गाडीत दुरुस्ती जाणणारा. निघायची वेळ, थांबायची वेळ, अंधार पडला की गाडी न चालवण्याचा नियम, हे सारे आधी ठरते. प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर करावे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. या लोकांनी ती अनुभवाने शोधलेली दिसते. शब्दही आपलेच आहेत. ‘कॅरव्हॅन’ म्हणजे मूळचा फारसी कारवाँ आणि काफिला तर अरबीच.

एसेनपासून स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या अल्हेसिरास बंदरापर्यंत दोन हजारांहून अधिक किलोमीटर. तिथून मोठ्या बोटीत गाड्या चढवायच्या आणि दीड तासाच्या आसपास टँजर-मेड बंदरात उतरायचे. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर आहे. पुढे रबात, कॅसाब्लांका, मराकेश असे करत अगादीरपर्यंत सुमारे 800 किलोमीटर टोलचा चांगला रस्ता आहे.

टँजर हे इब्न बतूतांचे गाव. त्यांचा जन्म 1304 चा. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते हजसाठी एकटेच घरून निघाले, पण ट्युनिसला पोचल्यावर हाजींच्या काफिल्यात सामील झाले आणि त्याच काफिल्याचे काझीही झाले. पुढे ते आपल्या दौलताबादला आले, नंदुरबारवरून गेले, हे त्यांच्या प्रवासवर्णनात आहे. एवढा मोठा मुसाफिर, पण सोबत सोडून फारसा फिरला नाही.

मोरोक्कोच्या सीमेवर खरी कसोटी कागदांची असते. पासपोर्टवर 90 दिवसांचा शिक्का मिळतो. गाडीची नोंद वेगळी होते: ज्याने ती आत आणली, त्याने ती परत न्यायची. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र दाखवावे लागते. विम्याच्या हिरव्या कार्डावर मोरोक्कोचे नाव हवे. युरोपातला नेहमीचा आरोग्य विमा तिथे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. कुत्रे नेले असेल तर परतताना रेबीजच्या रक्तचाचणीचा दाखला लागतो, आणि तो निघण्यापूर्वीच करून ठेवायचा असतो. ड्रोन तर नेऊच नये, जप्त होतो.

आजींची अडचण इथेच होती. गाडी यजमानांच्या नावावर. मुलगा म्हणाला, विकून टाकू. त्याचेही चुकले असे मला वाटत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला कुठला मुलगा साडेसात मीटरची गाडी घेऊन समुद्रापार पाठवील? आजी त्याला काही बोलल्या नाहीत. मात्र एके दिवशी भाईजानांना घेऊन नोंदणी कार्यालयात गेल्या आणि गाडी स्वतःच्या नावावर करून आल्या. त्यांचा वाहन परवाना 1970 च्या दशकातला. नव्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, पण तिकडच्या जुन्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंत मुभा आहे. म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने होता, सराव तेवढा नव्हता. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. सुपरमार्केटच्या रिकाम्या मैदानात त्या सहा रविवार गाडी मागे घ्यायला शिकल्या. मागे उभे राहून हात करायला कधी भाईजान, कधी गटातले कुणी. दोन पुठ्ठ्यांची खोकी चिरडली. सातव्या रविवारी मुलगा स्वतः हात करायला आला.

अगादीर हे दिसायला नवे शहर आहे, त्यामागे दुःख आहे. 29 फेब्रुवारी 1960 च्या रात्री, रमजान नुकताच लागला असताना, तिथे भूकंप झाला. काही सेकंदांत शहर कोसळले आणि बारा हजारांहून अधिक माणसे गेली. नंतर शहर थोडे दक्षिणेला पुन्हा वसवले. जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर आज मोठ्या अरबी अक्षरांत ‘अल्लाह, वतन, मलिक’ लिहिलेले दुरून दिसते. या भागातले लोक बहुतांशी अमाझिग, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो ते. घरात तशल्हित बोलतात. इथे आर्गनची झाडे होतात, ती जगात जवळपास याच पट्ट्यात. त्यांच्या बियांचे तेल बायका दगडावर बी फोडून काढतात. त्यांच्या सहकारी संस्था आहेत. त्या तेलात भाजलेले बदाम आणि मध कालवून अमलू करतात. भाभींनी एकदा पाठवला होता, आमच्याकडे दोन दिवसही टिकला नाही.

तळावरचा दिवस साधा असतो. सकाळी कुणी मोपेडवर पाव घेऊन येतो. टाकीत पाणी भरणे, सांडपाणी नेमल्या जागी सोडणे, शौचालयाची पेटी रिकामी करणे ही कामे कुणालाच चुकत नाहीत, मग तो तिकडे प्राध्यापक असो की खाणकामगार. युरोपातल्या गॅसच्या टाकीची तोटी तिथल्या टाकीला बसत नाही, म्हणून जोडणी बरोबर न्यावी लागते. गटात एकाजवळ तरी ती असतेच. सोफ्याच्या गाद्या शिवून घेणे, पत्र्याचे पोचे काढणे, गाडीवर वाळवंटाचे चित्र रंगवून घेणे अशी कामे लोक तिथल्या कारागिरांकडून करवून घेतात. काही जण आणखी दक्षिणेला तिझनीतला चांदीचे दागिने पाहायला किंवा बदामाच्या फुलोऱ्यात तफराउतला जातात.

सारेच गोड आहे असे नाही. पूर्वी समुद्रकाठी कुठेही गाड्या उभ्या राहत आणि घाण तिथेच पडे. पाहुणा असा वागू लागला की यजमानाने दार लावले तर नवल काय? आता बऱ्याच जागी मनाई आहे. पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. सलग दुष्काळामुळे 2020 च्या शरद ऋतूत अगादीरला रात्रीचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला होता. 2022 पासून श्तूका इथल्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाचा आधार मिळाला. आजींच्या गटात गाडी धुवायची नाही, फडक्याने पुसायची, असा नियम आहे.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. या बोटी हिवाळ्यात ज्या वाटेने आजींना नेतात, त्याच वाटेने उन्हाळ्यात फ्रान्स, बेल्जियम, स्पेनमध्ये राबणारी लाखो मोरोक्कन कुटुंबे टपावर गाद्या-सायकली बांधून गावी येतात. सरकार त्यासाठी दर वर्षी ‘मरहबा’ नावाची खास व्यवस्था ठेवते. पण ज्याच्याकडे तिकडचे कागद नाहीत, त्या मोरोक्कन तरुणाला हे चौदा किलोमीटर व्हिसाशिवाय ओलांडता येत नाहीत. काही जण लहान होड्यांतून निघतात आणि सगळे पोचत नाहीत. आजींना तळाच्या राखणदाराने एकदा विचारले होते, ‘‘तुम्हाला शिक्का मारायला किती वेळ लागला?’’ त्यांना उत्तर देता आले नाही. दहा मिनिटे, असे सांगायची लाज वाटली, असे त्या भाभींना म्हणाल्या.

2020 च्या मार्चमध्ये उलटे झाले. कोरोनामुळे बोटी अचानक बंद पडल्या आणि मोटारहोमवाले हजारोंनी अडकले. आजी आणि त्यांचे यजमान त्यांतच होते. तेव्हा याच राखणदाराच्या घरून रोज त्यांना भाकरीसारखा जाड पाव येई. पैसे विचारले तर तो हात छातीवर ठेवून निघून जाई.

रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तेव्हा आता तो या पाहुण्यांच्या मुक्कामातच येऊ लागला आहे. 2025 मध्ये तो मार्चच्या आरंभी होता. त्या महिन्यात मोरोक्को आपली घड्याळेही एक तास मागे घेतो. दुपारी रस्ते सुस्त, मगरिबच्या आधी गाड्यांची घाई आणि अजान होताच असा शुकशुकाट की भांड्यात चमचा हलल्याचा आवाज यावा. हरीरा, खजूर, मधातली शबाकिया. मागच्या रमजानमध्ये राखणदाराने दोघांना इफ्तारला घरी बोलावले होते. आजोबांची ती शेवटची.

जानेवारीत नऊ गाड्या निघाल्या. आजींची तिसरी, पुढे दोन अनुभवी, मागे सहा. अल्हेसिरासला बोटीत गाडी चढवताना हात करणाऱ्या माणसाने बाजूला कुणी चालक आहे का ते पाहिले, मग गुमान हात केला.

अगादीरला पोचल्यावर त्यांनी भाभींना आवाजी संदेश पाठवला. भाभींनी तो मला ऐकवून अर्थ सांगितला. तळाच्या फाटकाशी राखणदार आला आणि सवयीने डावीकडच्या खिडकीकडे गेला. तिथे आजी. तो उजव्या बाजूला पाहून आला, आणि समजला. फाटक उघडले, गाडी नेहमीच्या जागेवर, त्या एका खजुरीच्या झाडाखाली घ्यायला लावली. संध्याकाळी त्याची बायको, सून आणि दोन नाती आल्या. कुणाला कुणाची भाषा धड येत नव्हती. दीड तास त्या गाडीत बसल्या, जाताना झाकलेले भांडे ठेवून गेल्या. जुम्याला कुसकुस घेऊन पुन्हा आल्या.

संदेशाच्या शेवटी आजींनी भाभींना विचारले होते की, खिडकीतल्या रोपांना पाणी घालता ना? आणि मुलाला सांगा, मी बोटीत गाडी कुठेही घासली नाही.