धुराचा जमाखर्च

सिगारेट ओढणाऱ्याला चार शब्द सांगायला जावे, तर त्याची उत्तरे तयारच असतात. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, हे पहिले. मरण काय कुणाला चुकले आहे, हे दुसरे. आणि पानटपरीवरचे सर्वांत लाडके उत्तर म्हणजे, "आम्ही ओढतो म्हणून सरकार चालतं! एका पाकिटामागे किती कर भरतो, ठाऊक आहे का?" पहिल्या दोन उत्तरांवर हसून पुढे जाता येते. तिसऱ्यापाशी मात्र मी थबकतो. एका पतपेढीत तीस वर्षे खतावण्या लिहिण्यात माझा जन्म गेला. हिशेबाचा मुद्दा कुणी काढला, तर त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवे.

हा प्रश्न केवळ टपरीवरचा नाही. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनीही तो गंभीरपणे मांडला आहे. सिगारेटवरच्या करातून सरकारला जे मिळते, त्यातून धूम्रपानाने होणाऱ्या रोगांचा सार्वजनिक खर्च भरून निघतो का?

याचे सर्वांत रोखठोक उत्तर चेक प्रजासत्ताकात दिले गेले. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेकडून एक अहवाल करून घेतला. १९९९ या एका वर्षात धूम्रपानामुळे चेक सरकारला सुमारे ५८० कोटी कोरुना निव्वळ फायदा झाला, असे त्यात म्हटले होते. हा फायदा आला कुठून? जमेच्या बाजूला कर तर होताच. पण त्याच्या जोडीला, धूम्रपान करणारे लवकर मरतात म्हणून वाचलेले निवृत्तिवेतन, म्हातारपणीचा औषधपाणी आणि निवाऱ्याचा खर्च, हेही मांडलेले होते. २००१ मध्ये हा अहवाल बाहेर आला, जगभर गदारोळ उठला आणि जुलै महिन्यात कंपनीने माफी मागितली.

गंमत अशी, की निव्वळ बेरीज-वजाबाकी म्हणून हा विचार अगदीच खोटा नव्हता. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाच वयाच्या दोघांत धूम्रपान करणाऱ्याचा औषधोपचाराचा खर्च जास्त असतो. पण न ओढणारा अधिक जगतो, त्यामुळे जन्मभराची बेरीज केली तर त्याचाच खर्च जास्त भरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे वजाबाकी बरोबर. मग खटकते काय?

खटकते ते एवढेच, की ही वही नेमकी कुणाची, हे कुणी विचारत नाही.

माझे एक मामा सरकारी खात्यात कारकून होते. रोजचा विड्यांचा कट्टा ठरलेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि साठ पुरे व्हायच्या आत फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. अखेरचे सात महिने मामी त्यांना घेऊन मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. थोरल्या मुलाने बिनपगारी रजा घेतली, धाकटीचे लग्न वर्षभर लांबले, मामींच्या पाटल्या मोडल्या. चेक अहवालाच्या रीतीने मांडायचे तर सरकारला मामांचा फायदाच झाला. वीस-पंचवीस वर्षे द्यावे लागले असते ते निवृत्तिवेतन दोन वर्षांत आटोपले. मागे राहिले ते मामींचे तुटपुंजे कुटुंब निवृत्तिवेतन. पाटल्या, रजा आणि लांबलेले लग्न कोणत्याही सरकारी वहीत चढले नाही.

ही खासगी वही जोडून पाहिली, की चित्र पालटते. २०१७-१८ या वर्षासाठी भारतात असा हिशेब झाला आहे. पस्तिशीच्या पुढील माणसांना तंबाखूमुळे होणारे आजार आणि मृत्यू यांची एकूण किंमत त्यात १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये निघाली. म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या १ टक्क्याहून थोडी अधिक. तंबाखूच्या उत्पादनशुल्कातून तिजोरीत पडणाऱ्या दर १०० रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांची झळ, असे हे प्रमाण. इतर कर मिळवले तर अंतर कमी होते, पण मिटत नाही.

यातला प्रत्यक्ष औषधोपचाराचा वाटा सुमारे २२ टक्केच आहे. उरलेला सगळा बुडालेल्या मजुरीचा, रजांचा आणि अकाली गेलेल्या कमावत्या माणसांचा. शिवाय औषधोपचाराचा पैसा तरी सरकार कुठे सगळा देते? त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ४८.८ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली होती. तेव्हा तिजोरीचा ताळेबंद जुळलेला दिसला, तरी त्याचे एक कारण असे, की बिल दुसऱ्याच दाराशी गेलेले असते.

मग कर निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त त्याच्याकडून नुकसानभरपाईची अपेक्षा करू नये. कराचे खरे काम किंमत वाढवून हात आखडायला लावण्याचे. विशेषतः अजून सवय न जडलेल्या पोरांचा. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर सिगारेटवरचा कर सातत्याने वाढवला गेला. पुढच्या दहा वर्षांत खप सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि तरीही सरकारचे उत्पन्न वाढले.

आपल्याकडे मात्र मेख आहे ती विडीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे होते, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. तरीही जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर वेगळा उपकर बसला, विडी त्यातून सुटली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला आणि विडीचा २८ वरून १८ वर आणला. कारण सांगितले जाते ते विडी वळणाऱ्या हातांचे. सोलापूर आणि सिन्नरच्या बायाबापड्यांची ही चिंता खोटी नाही; त्यांना दुसरे काम मिळालेच पाहिजे. पण ती स्वस्त विडी ओढतो कोण? त्यांच्यासारख्याच घरांतला कमावता पुरुष. एका गरिबाची मजुरी टिकवायची म्हणून दुसऱ्या गरिबाला आजार स्वस्तात द्यायचा, हा कसला न्याय?

पतपेढीत कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे कारण' अशी एक ओळ असे. तिथे 'आजारपण' असे लिहिलेले किती अर्ज माझ्या हाताखालून गेले, त्याची गणती नाही. त्यांतले तंबाखूचे किती, हे तिथे लिहिलेले नसे, आणि विचारण्याची रीतही नव्हती. ते हप्ते मात्र माणूस गेल्यावरही येत राहत. बहुधा त्याच्या बायकोच्या सहीने.