गटाची गाडी ठरवताना

सुगी सरली की आपल्या गटात देवदर्शनाचं बोलणं निघतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. लगेच कुणीतरी म्हणतं, "आमच्या भाच्याची गाडी आहे, स्वस्तात नेईल."

आम्हीही एकदा अशीच गाडी ठरवली. निघताना पाहिलं तर चालकदादांचे डोळे लाल. रात्रभर दुसरं भाडं मारून आले होते. आम्ही त्यांना चार तास झोपू दिलं आणि मग निघालो. काही जणी चिडल्या. पण तेव्हापासून इसार देण्याआधी आम्ही चार गोष्टी बघतो.

पहिली, नंबरपाटी. भाड्याच्या प्रवासी गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी. तिने भाडं घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. मालाच्या टेम्पोत तर बसूच नका. मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं आहे. वऱ्हाडाचा टेम्पो उलटला तर भरपाई मागायची ती मालकाकडे. त्याची ऐपत नसेल तर हात रिकामेच.

दुसरी, कागद. परवाना, विमा आणि पासिंग चालू आहे का ते विचारा. भाड्याच्या गाडीचं पासिंग ८ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. मोबाईलवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा आणि पासिंगची तारीख दिसते. गटातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती लगेच बघून देईल.

तिसरी, चालक. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचं काम दिवसाला साधारण ८ तासांचं होतं, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागायची. म्हणून "दादा, काल रात्री कुठं होता?" हे विचारायला लाजू नका. रात्रभराचा प्रवास असेल तर दुसरा चालक मागा.

चौथी, आसनं. जितकी आसनं तितक्याच जणी. जास्तीच्या प्रत्येक माणसामागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा माणसं उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. मोठ्या बसमध्ये बसल्याबरोबर संकटकाळचं दार कुठं आहे, ते पाहून ठेवा. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले होते.

आता तुम्ही म्हणाल, ओळखीच्या माणसाला कागद कसे मागायचे? आम्ही त्यावर तोड काढली. मासिक बैठकीत ठराव करून तो वहीत लिहिला. आता कुणा एकीला वाईटपणा येत नाही. "गटाचा नियम आहे दादा," एवढंच सांगायचं. पुढच्या बैठकीत तुम्हीही हा ठराव घ्या.