एका अणूची तार

आपल्या सिल्वासाभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत तांब्याच्या तारा आणि विजेच्या केबली तयार करणारे अनेक कारखाने आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, काका किंवा भाऊ अशा कारखान्यांत काम करतात. तेथे पेन्सिलीएवढ्या जाडीची, ८ मिलिमीटर व्यासाची तांब्याची सळी एकाहून एक अरुंद छिद्रांतून ओढली जाते. या छिद्रांच्या साच्यांना कामगार ‘डाय’ म्हणतात. सळीचा व्यास एक दशांश झाला की तिची लांबी शंभरपट होते. धातू तेवढाच राहतो, रूप मात्र पालटते.

हे काम पाहताना कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहील. तार अशीच बारीक करीत गेलो, तर शेवट कोठे होईल? अखेरीस एकामागे एक उभ्या असलेल्या अणूंची एकच रांग उरली, तर तिच्यातून वीज वाहील काय? आणि वाहिलीच, तर तारेविषयीचे आपण वर्गात शिकलेले नियम ती पाळील काय? या लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम साध्या तारेकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने १८२७ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. तारेची लांबी दुप्पट केली की तिचा रोध दुप्पट होतो, आणि जाडी वाढली की रोध घटतो, हे आपण प्रयोगशाळेत पडताळून पाहतो. याचे कारण असे की, तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन वाटेत पुनःपुन्हा अडखळतात. धातूच्या अणूंची कंपने आणि धातूतील दोष त्यांची दिशा बदलतात. वाट जितकी लांब, तितके अडथळे अधिक. नेहमीच्या तापमानात तांब्यातील इलेक्ट्रॉन एकदा अडखळल्यावर सरासरी सुमारे ४० नॅनोमीटर अंतर मोकळेपणाने जातो व पुन्हा अडखळतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस अदमासे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.

आता कल्पना करा की, तार या ४० नॅनोमीटरहूनही पुष्कळ आखूड आहे. मग इलेक्ट्रॉन न अडखळताच पैलतीर गाठील. अडथळाच नाही, तेव्हा रोधही शून्य असावा, असे आपणांस वाटेल. परंतु तसे घडत नाही. रोध उरतो, मात्र तो तारेच्या अंगात नसून तिच्या दाराशी असतो.

शाळा सुटल्याची घंटा झाली आहे असे समजा. विस्तीर्ण पटांगणावर शेकडो मुले आहेत आणि बाहेर पडण्यास एकाच मुलाला जाता येईल एवढी अरुंद बोळ आहे. बोळीत कोणीही धडपडत नाही, सर्व सरळ चालतात. तरी गर्दी दाराशी तुंबतेच. बोळ दहा पावलांची असो की वीस पावलांची, दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या मुलांची संख्या तीच राहते. ती वाढवावयाची तर शेजारी दुसरी बोळ हवी. रोल्फ लँडाउअर या शास्त्रज्ञाने १९५७ साली विजेच्या वहनाकडे याच दृष्टीने पाहावयास शिकविले. तारेचा रोध मोजणे म्हणजे इलेक्ट्रॉन तिच्यातून पार जाण्याची शक्यता मोजणे होय.

पण इलेक्ट्रॉनांना अशा ठरावीक वाटाच का असाव्यात? कारण इलेक्ट्रॉन हा केवळ कण नाही. तो तरंगही आहे. तानपुऱ्याच्या बांधलेल्या तारेवर ठरावीक लांबीच्याच लाटा मावतात. त्याचप्रमाणे अतिसूक्ष्म तारेच्या रुंदीत इलेक्ट्रॉनाचे ठरावीक तरंगच मावतात. असा मावणारा प्रत्येक तरंग म्हणजे एक वाट. वाट एक, दोन वा तीन असेल; दीड कधीही नसते. सोन्यातील इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची लांबी सुमारे अर्धा नॅनोमीटर आहे, म्हणून एका अणूएवढ्या रुंदीत एकच वाट मावते.

अशा एका निर्वेध वाटेचा रोध १२,९०६ ओहम असतो. हा आकडा केवळ प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनाचा विद्युतभार यांवरून निघतो. तार कोणत्या कारखान्यात झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. हा रोध केवढा, हे पाहू. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर एवढ्या रोधासाठी तिची लांबी सुमारे ७५० किलोमीटर असावी लागेल. सरळ रेषेत ती सिल्वासाहून जवळजवळ गोंदियास पोहोचेल!

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. १९९५ साली स्पेनमधील संशोधकांनी सोन्याच्या दोन साध्या तारा एकमेकींस टेकविल्या आणि टेबलावर हलकेच टिचकी मारली. तारा विलग होताना त्यांच्यामध्ये क्षणभर सोन्याचा अतिसूक्ष्म धागा ताणला जातो व तुटतो. त्या क्षणी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेचा प्रवाह उतरणीसारखा नव्हे, तर जिन्यासारखा, पायरीपायरीने उतरताना दिसला. पुढे १९९८ साली जपान व नेदरलँड्स येथील शास्त्रज्ञांनी सोन्याच्या सुट्या अणूंची साखळीच ताणून दाखविली.

सोन्याची ही साखळी क्षणभंगुर असते. टिकाऊ सूक्ष्म तार मिळाली ती कार्बनपासून. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असते. त्याचा एक अणू जाडीचा पापुद्रा कागदाच्या सुरळीसारखा गुंडाळला आहे असे समजा. ती झाली कार्बनची नॅनोनलिका. जपानचे सुमिओ ईजिमा यांनी १९९१ साली एकात एक बसलेल्या अशा नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकपदरी नलिकेचा व्यास एखाददुसरा नॅनोमीटर असतो. विशेष हे की, सुरळी कोणत्या कोनात वळली आहे यावर तिचा गुणधर्म ठरतो. एक तृतीयांश प्रकार धातूप्रमाणे वीज वाहतात, उरलेले अर्धवाहक असतात. द्रव्य एक, घडी वेगळी, गुण वेगळा!

१९९८ साली अमेरिकेतील अटलांटा येथे अशी एक बहुपदरी नलिका हळूहळू पाऱ्यात बुडविण्यात आली. जितकी ती आत जाई, तितका विजेच्या मार्गात उरलेला तिचा भाग आखूड होई. नेहमीच्या नियमाप्रमाणे रोध घटावयास हवा होता. तो जवळजवळ तोच राहिला, आणि तोही वरच्याच आकड्याच्या आसपास. शिवाय एरवी नलिका जळून जावी एवढा प्रवाह सोडूनही ती शाबूत राहिली. उष्णता नलिकेत फारशी निर्माण न होता तिच्या टोकांपलीकडील जाड धातूत निर्माण झाली होती.

या ज्ञानाचे मोल काय? संगणकाच्या आणि मोबाइलच्या चिपमध्ये तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा असतात. त्या ४० नॅनोमीटरहून अरुंद होऊ लागल्या की इलेक्ट्रॉन कडांवर आदळतात, रोध वाढतो आणि चिप तापते. नॅनोनलिका तांब्याच्या तुलनेत शेकडो पट दाट प्रवाह सोसू शकते. मात्र हव्या त्याच प्रकारच्या कोट्यवधी नलिका हव्या त्या जागी मांडणे अतिशय कठीण आहे. म्हणून तांब्याचे राज्य अजून टिकून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा सूक्ष्म तारा व कार्बनचे पापुद्रे यांवर संशोधन चालते. तेथील प्राध्यापक मंदार देशमुख यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

विद्यार्थी मित्रहो, अणूच्या तारेने आपल्या पाठ्यपुस्तकातील नियम खोटा ठरविलेला नाही. त्याची हद्द दाखविली आहे. कारखान्यातील तारेला तो आजही तंतोतंत लागू पडतो. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत तारेचा रोध मोजाल तेव्हा आकडा वहीत उतरवूनच थांबू नका. हा नियम कोठवर चालेल, हेही स्वतःस विचारा. लँडाउअरने रोधाविषयी असाच एक साधा प्रश्न विचारला होता.