दोषसिद्धीचे चित्र आणि निर्दोषत्वाचा पुरावा : ‘इन जस्टिस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या संदर्भात

प्रस्तावना

गुन्हा आणि न्यायालय हे अमेरिकन दूरचित्रवाणीचे जुने व लोकप्रिय विषय आहेत. तथापि, या प्रकारातील बहुसंख्य मालिका निकालापाशी येऊन थांबतात. निकाल लागला, अपिले फेटाळली गेली, आणि तरीही तुरुंगातील मनुष्य निर्दोष असेल तर पुढे काय, हा प्रश्न मध्यवर्ती ठेवणाऱ्या मालिका थोड्याच आहेत. एबीसी वाहिनीवर जानेवारी ते मार्च २००६ या काळात प्रसारित झालेली ‘इन जस्टिस’ ही त्यांपैकी एक होय. पुढे ‘द गुड वाइफ’ (२००९) या मालिकेमुळे ख्याती पावलेल्या रॉबर्ट व मिशेल किंग या दांपत्याची ही निर्मिती अवघ्या तेरा भागांत आटोपली. मालिकेच्या नावात श्लेष आहे. दोन्ही शब्द जोडून वाचल्यास ‘अन्याय’ असा अर्थ निघतो.

चुकीच्या दोषसिद्धीची प्रकरणे हाती घेणारी ‘नॅशनल जस्टिस प्रोजेक्ट’ ही काल्पनिक संस्था कथानकाच्या केंद्रस्थानी आहे. डेव्हिड स्वेन (काइल मॅक्लाक्लन) हा प्रसिद्धीची हौस असणारा धनाढ्य वकील आणि चार्ल्स काँटी (जेसन ओमारा) हा पूर्वाश्रमीचा पोलीस तपास अधिकारी या संस्थेचे काम चालवितात. बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथील कार्डोझो विधि महाविद्यालयात सुरू केलेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’शी या संस्थेचे साम्य उघड आहे.

दोन चित्रांची रचना

मालिकेचे खरे वैशिष्ट्य तिच्या मांडणीत आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी गुन्हा घडताना दिसतो. परंतु तो प्रत्यक्षात जसा घडला तसा नव्हे, तर ज्यूरीने जसा घडला असे मानले तसा. (भारतीय वाचकास ज्यूरी ही संस्था आता केवळ इतिहासातून परिचित आहे.) हे चित्र स्पष्ट, तपशीलवार आणि म्हणूनच विश्वसनीय असते. तपास पुढे सरकतो तशा त्यातील एकेक गोष्टी ढासळू लागतात आणि भागाच्या अखेरीस खरा प्रसंग दाखविला जातो.

या मांडणीचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. चुकीचा निकाल देणारी ज्यूरी दुष्ट किंवा निष्काळजी असतेच असे नाही. तिच्यासमोर एक सुसंगत चित्र उभे केले जाते व ती त्यावर विश्वास ठेवते, ही गोष्ट व्याख्यानापेक्षा या पाच मिनिटांत अधिक ठसते. वस्तुस्थितीही याला दुजोरा देते. डीएनए चाचणीमुळे अमेरिकेत निर्दोष ठरलेल्यांची संख्या २०२० पर्यंत ३७५ झाली होती, आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख हे एक कारण होते. हे साक्षीदार बहुधा खोटे बोलत नव्हते. त्यांनाही ते चित्र खरेच वाटत होते.

अडचण अखेरच्या चित्रात आहे. पहिले चित्र जितके ठाम, तितकेच दुसरेही ठाम असते, आणि त्यात बहुधा खरा गुन्हेगार दिसतो. परिणामी, निर्दोष ठरण्यासाठी दुसरा कोणीतरी दोषी सापडलाच पाहिजे अशी प्रेक्षकाची धारणा होते. ही धारणा फौजदारी न्यायाच्या मूलतत्त्वाशीच विसंगत आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षाची असते. खरा गुन्हेगार हजर करण्याची जबाबदारी बंदिवानावर कधीच नसते. उपरोक्त डीएनए प्रकरणांतही खऱ्या गुन्हेगाराचा शोध निम्म्यापेक्षा कमी प्रकरणांत लागला आहे. उर्वरितांना दाखविण्यासारखे दुसरे चित्र नव्हतेच.

कायद्याची वाट

प्रत्यक्ष कायदा या बाबतीत मालिकेहून कितीतरी रुक्ष व कठोर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेरेरा विरुद्ध कॉलिन्स (१९९३) या खटल्यात असे म्हटले की, नव्या पुराव्याच्या आधारे केलेला निर्दोषत्वाचा दावा हा एकटाच, खटल्यात घटनात्मक त्रुटी नसताना, संघीय न्यायालयात हेबियस कॉर्पसचा आधार होऊ शकत नाही. म्हणून वकिलास ‘माझा पक्षकार निर्दोष आहे’ एवढे सांगून भागत नाही. अभियोग पक्षाने आरोपीस अनुकूल पुरावा दडविला, किंवा बचावाच्या वकिलाने कर्तव्यात अक्षम्य कसूर केली, असे काही दाखवावे लागते. त्यातच १९९६ च्या कायद्याने अशा अर्जांसाठी सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत घातली. मुदत टळल्यावर किंवा आक्षेप योग्य वेळी न घेतल्यास दार बंद होते. श्लप विरुद्ध डेलो (१९९५) या निकालाने ते किंचित किलकिले ठेवले: नवा पुरावा विचारात घेता कोणत्याही विवेकी ज्यूरी सदस्याने दोषी ठरविले नसते असा अधिक संभव दिसला, तर मूळ घटनात्मक आक्षेप तरी ऐकला जावा. येथे निर्दोषत्व हे सुटकेचे कारण नसून सुनावणीचे प्रवेशपत्र ठरते. न्यायनिर्णयास अंतिमता हवी, हा युक्तिवाद निराधार नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो, हे या निकालांच्या भाषेत क्वचितच जाणवते.

मालिका बंद पडल्यावर तीनच महिन्यांत, जून २००६ मध्ये, हाऊस विरुद्ध बेल या खटल्याचा निकाल लागला. टेनेसी राज्यात १९८६ मध्ये एका स्त्रीच्या खुनाबद्दल पॉल हाऊस यास मृत्युदंड झाला होता. तिच्या कपड्यांवरील वीर्य त्याचे असल्याचे खटल्यात सूचित करण्यात आले होते. डीएनए चाचणीत ते त्याचे नसल्याचे निष्पन्न झाले. रक्ताच्या डागांच्या पुराव्याविषयीही गंभीर शंका उपस्थित झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने श्लप निकालातील कसोटी पूर्ण झाल्याचे पाच विरुद्ध तीन मतांनी मान्य केले, मात्र निर्दोषत्व निर्णायकपणे सिद्ध झाले असे हे प्रकरण नव्हे, हेही नमूद केले. त्यानंतर तुरुंगातून बाहेर पडण्यास हाऊसला २००८ साल उजाडले, आणि राज्याने आरोप मागे घेतले ते मे २००९ मध्ये.