शेवटचे कडवे गाळू नका

गेवराईच्या बौद्ध वस्तीतल्या जुन्या घरांत अजूनही एखादी पत्र्याची पेटी असते. तिच्यात जातीचा दाखला, जुने रेशनकार्ड, बाबासाहेबांचा कडा उडालेला फोटो आणि तळाशी दहा-वीस कॅसेटी. टेप केव्हाच बिघडला, भंगारात गेला. घरातली पोरे म्हणतात, "आजी, फेक की हे आता, मोबाइलवर सगळं मिळतंय." आजी म्हणते, "असू दे बाबा. माणूस गेला, आवाज तरी राहू दे."

आजीचे खरे आहे. ह्या कॅसेटींनी आपल्या माणसांना सोबत केली. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होतात, माणसे कारखान्यावर ऊसतोडीला जातात. त्या काळी बैलगाडीत भांडीकुंडी, पोरेबाळे आणि एखाद्याजवळ सेलवरचा टेप असे. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून अंगाचे लाकूड झाले, की रात्री कोपीपुढे भीमगीत लागायचे. फीत अडकली तर पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, अशा कितीतरी आयाबहिणींना बाबासाहेब पुस्तकातून नव्हे, गाण्यातून कळले.

ती गाणी देणारी माणसे एकामागून एक निघून गेली.

२००४ साल तर दुहेरी आघाताचे ठरले. १५ मे रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले आणि दीड महिना व्हायच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. एक लिहिणारा, एक गाणारा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या वामनदादांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत मजुरी करत असताना कुणीतरी पत्र वाचून मागितले आणि ते वाचता येईना. त्या लाजेने त्यांनी मुळाक्षरे गिरवली, आणि त्याच हाताने पुढे हजारो गाणी लिहिली. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर असा, की पंढरीच्या वाटेवरचा वारकरी आणि चैत्यभूमीची वाट चालणारा भीमसैनिक, दोघांनाही तो आपलाच वाटला.

नोव्हेंबर २०१० मध्ये लोकशाहीर विठ्ठल उमप गेले. नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता. वय एकोणऐंशी. तिथे मंचावरच ते कोसळले. 'जांभूळ आख्यान' रंगवणारा, उभा मंच हलवून सोडणारा शाहीर, त्याला मरणही मंचावरच आले.

आणि १३ एप्रिल २०२१. दुसऱ्या दिवशी जयंती. कोरोनाची दुसरी लाट होती, शासनाने जयंती साधेपणाने साजरी करायला सांगितली होती. ना मिरवणूक, ना ढोल. त्या दिवशी नागपूरच्या एम्स रुग्णालयात वीरा साथीदार कोरोनाने गेले. 'विद्रोही' मासिकाचे संपादक आणि चळवळीचे कार्यकर्ते ही त्यांची ओळख होती. नट म्हणून ते जगाला 'कोर्ट' या चित्रपटातून दिसले. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूबद्दल ज्याच्या गाण्याला दोषी धरले जाते, त्या शाहीर नारायण कांबळेची भूमिका त्यांनी केली. २०१५ साली हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. परंतु त्यांच्या चाहत्यांना चार माणसे जमवून आदरांजलीची सभा घेणेही त्या दिवसांत अवघड होते. ज्याने त्याने आपापल्या घरात मेणबत्ती लावली.

बंधू-भगिनींनो, कलावंत गेला की आपण हळहळतो. फोटोला हार घालतो, त्रिशरण-पंचशील घेतो, दोन मिनिटे उभे राहतो. हे योग्यच आहे. परंतु हार सुकल्यावर काय उरते, हा प्रश्न आहे.

वामनदादांच्या गाण्यांकडे नीट लक्ष द्या. संतांच्या अभंगासारखे, शेवटच्या कडव्यात ते पुष्कळदा आपले नाव गुंफतात. हा काही मोठेपणाचा सोस नव्हता. गाणे तोंडोतोंडी गावोगाव जायचे. छापील पुस्तक सगळीकडे पोहोचत नव्हते, रेडिओवर आपल्याला फारशी जागा नव्हती. गाणे कुणाचे, हे सांगणारे एकच ठिकाण होते, ते म्हणजे गाण्याचे शेवटचे कडवे. गाणाऱ्याने ते म्हटले की कवीचे नाव आपोआप पुढच्या गावाला जायचे.

आज काय होते? जयंतीच्या मिरवणुकीत डीजे वाजतो. धृपद, फार तर एक कडवे, की लगेच दुसरे गाणे. शेवटचे कडवे येतच नाही, आणि त्याच्याबरोबर कवीचे नावही गळून पडते. कॅसेटीच्या वेष्टणावर निदान बारीक अक्षरांत गीतकार आणि संगीतकार छापलेला असायचा. नकली कॅसेटीवर तेही नसायचे. आता मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांवर तर कशाचाच पत्ता नाही. दहावीतल्या पोराला विचारा, गाणे तोंडपाठ असते, पण ते लिहिले कुणी म्हटले की तो आपल्याकडेच पाहतो. त्यात त्याचा दोष नाही. आपण त्याला सांगितले नाही.

नाव लिहिलेले असले म्हणजे काय होते, ते क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांच्याकडे पाहून कळते. चांभार समाजातले हे गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे त्यांनी शंभरावर बळी घेतले. जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हेही इतिहासात आहे. १९५५ साली ते गेले आणि पुढे लोक त्यांना विसरले. परंतु धावफलक छापलेले होते. त्यावरचे त्यांचे नाव आणि बळी कुणाला पुसता आले नाहीत. म्हणूनच २००२ साली रामचंद्र गुहा यांना आपल्या पुस्तकात त्यांना पुन्हा उभे करता आले. आपल्या गावोगावच्या गायन पार्ट्यांचा असा धावफलक कुणी ठेवला?

हा प्रश्न फक्त गेलेल्यांचा नाही. गावागावांत ढोलकी वाजवणारे, कोरस धरणारे, कव्वालीच्या मुकाबल्यात रात्र जागवणारे म्हातारे आज घरी बसून आहेत. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पण अर्जासोबत कलेच्या सेवेचे पुरावे लागतात. ज्याने तीस वर्षे गाऊन गाव जागवला, त्याच्याजवळ ना पत्रिका, ना फोटो, ना कात्रण. लोकांच्या टाळ्या कागदावर उतरत नाहीत. नाव न लिहिण्याची किंमत अशी म्हातारपणी मोजावी लागते.

म्हणून घरातल्या आयाबहिणींना आणि शाळा शिकणाऱ्या मुला-मुलींना काही कामे सांगावीशी वाटतात. यांना पैसा लागत नाही.

ती पत्र्याची पेटी उघडा. प्रत्येक कॅसेटीवरची नावे वहीत उतरवून घ्या : गीत कुणाचे, गायक कोण, संगीत कुणाचे. आजी-आजोबांना जी गाणी येतात, ती शेवटच्या कडव्यासकट लिहून घ्या आणि जमल्यास त्यांच्याच आवाजात मोबाइलवर भरून ठेवा. आपल्या गावच्या गायन पार्टीत कोण कोण होते, ते विचारा. जुनी हँडबिले, जयंतीच्या पत्रिका रद्दीत घालू नका. त्या एखाद्या म्हाताऱ्या कलावंताच्या अर्जाला जोडता येतील. घरच्या कॅलेंडरवर १५ मे आणि २३ जून या तारखांना खूण करा. त्या संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून एक गाणे म्हणावे, एवढे पुरे.

मात्र ते गाणे पूर्ण म्हणा. जयंतीच्या कमिटीतल्या तरुणांनीही डीजेवाल्याला एवढे बजावून सांगावे. ज्या माणसाने आयुष्यभर बाबासाहेबांचे नाव घरोघर पोहोचवले, त्याने स्वतःसाठी फक्त एका ओळीत नावापुरती जागा ठेवली होती. ती ओळ आपण कापू नये.