एका तालुक्याचे दोन पाऊस

मृग जवळ आला की बारामती तालुक्यात दोन प्रश्न कानावर येतात. माळेगाव, सांगवी, पणदरे या नीरा डाव्या कालव्याखालच्या गावांत ऊसवाला विचारतो, ‘भोरला कसा आहे?’ सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायती पट्ट्यातला बाजरीवाला विचारतो, ‘आपल्याकडं कवा पडतोय?’ पहिल्याचं पाणी भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर धरणांतून, म्हणजे सह्याद्रीवरच्या पावसातून येतं. दुसऱ्याच्या वाट्याला पर्जन्यछायेतला, वर्षाला साधारण 500 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. शेजारच्या इंदापुरातही उजनीच्या फुगवट्याकाठचे आणि कोरड्या माळावरचे लोक असेच दोन आभाळांखाली राहतात.

एप्रिलमध्ये येणारा हवामान खात्याचा हंगामाचा अंदाज मात्र साऱ्या देशासाठी मिळून टक्केवारीचा एक आकडा सांगतो.

2023चा तो आकडा होता सरासरीच्या 96 टक्के. प्रत्यक्षात देशात 94 टक्के पाऊस झाला. अंदाज जवळपास बरोबर आला म्हणायचा. पण त्या वर्षीचा ऑगस्ट 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. बाजरी फुलोऱ्यात असताना तीन आठवडे पाऊस नसेल, तर चार महिन्यांची बेरीज कितीही भरो, कणसात दाणा भरत नाही.

2025मध्ये उलटं झालं. 24 मे रोजी मॉन्सून केरळात आला आणि 26 मेपर्यंत पुण्यात पोहोचला. त्याच सुमारास बारामतीत एवढा पाऊस झाला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. बारामती-इंदापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं पाठवावी लागली. हंगामाचा अंदाज जून ते सप्टेंबरचा असतो. लोकांच्या कायम लक्षात राहील असा हा मेमधला पाऊस त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. देशाचा आकडा शेवटी 108 टक्क्यांवर गेला. अंदाज आधी 105 आणि नंतर 106 टक्क्यांचा होता.

पावसाच्या भरवशाचा प्रश्न आणि इंदापूर यांचं नातं जुनं आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835च्या सुमारास जमीन महसुलाची नवी मोजणी इंदापुरातूनच सुरू केली. आधीचा सारा तिथल्या बेभरवशाच्या पावसाला झेपत नव्हता, लोक जमिनी टाकून चालले होते. सरकारला तो उतरवावा लागला. पुढे 1876-77च्या दुष्काळाने दख्खन उजाड केली आणि त्यानंतरच भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे पावसाचं भाकीत मागितलं गेलं. हिमालयातल्या बर्फावरून त्यांनी 1886 साली पहिला नियमित अंदाज दिला. त्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला जबर एल निनो होता, हे कळायला फार काळ जावा लागला. गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरची वायुदाबाची नोंद चाळून समुद्र आणि पाऊस यांना जोडणाऱ्या साखळीचा एक दुवा शोधला. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने 1988पासून सोळा घटकांचं प्रारूप वापरात आलं, पण 2002मध्ये 101 टक्के सांगितलं असताना 81 टक्केच पाऊस झाला. तेव्हापासून पद्धती बदलत गेल्या.

समुद्र हळू तापतो, हळू निवतो, म्हणून हंगामाचा ढोबळ कल महिने आधी सांगता येतो. दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजाचा आधार निराळा. विषुववृत्तालगत ढगांचा एक पट्टा 30 ते 60 दिवसांत पूर्वेकडे सरकत जातो. तो हिंदी महासागरावर कधी येईल यावर आपल्याकडच्या झडीचा आणि उघडिपीचा बराच हिशेब असतो. अशा अंदाजासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने उभी केलेली पद्धत हवामान खातं वापरतं आणि दर गुरुवारी अंदाज देतं. 2025च्या मेअखेरीस मॉन्सून महाराष्ट्रात अडकून जवळपास मध्य जूनपर्यंत पुढे सरकला नाही. ओल पाहून चाड्यावर मूठ धरायला निघालेल्यांना कृषी खात्याने अंदाजाच्या आधारे थांबायला सांगितलं. एका दुबार पेरणीचं बियाणं आणि खत वाचणं म्हणजे काय, हे जिरायती घरातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या मते ऊसवाल्याला हंगामाचा अंदाज हवा आणि जिरायतदाराला आठवड्यांचा. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लावली की ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो, पुढच्या उन्हाळ्यातली कालव्याची आवर्तनं आज गृहीत धरावी लागतात. त्याला नीरा खोऱ्यातल्या चार धरणांच्या पाणलोटाचा स्वतंत्र अंदाज मिळाला पाहिजे. आज नकाशावर ‘मध्य महाराष्ट्र’ हा एकच विभाग असतो आणि त्यात महाबळेश्वरही येतं, इंदापूरही! माळावरच्या माणसाला पावसाच्या बेरजेपेक्षा खंडाची शक्यता सांगा. घटस्थापनेच्या सुमारास रानाला वाफसा येतो, तेव्हा मालदांडी ज्वारी आत्ता पेरायची की हत्तीचा पाऊस होऊन जाऊ द्यायचा, हे त्याला चार-सहा दिवसांत ठरवायचं असतं.