जमिनीवर बसता येतं, पण उठता येतं का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, पुढे वाचण्याआधी एक छोटी गोष्ट करून बघा. जमिनीवर मांडी घालून बसा आणि पुन्हा उभे राहा. उठताना हात कुठे टेकला? गुडघ्यावर, भिंतीला की खुर्चीला?

ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांनी हीच हालचाल चाचणी म्हणून वापरली. बसण्याचे ५ आणि उठण्याचे ५, असे एकूण १० गुण. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक आधारासाठी १ गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींवरील त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६ वर्षांच्या काळात ० ते ३ गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ८ ते १० गुणवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. याचा अर्थ, गुण कमी म्हणजे आयुष्य कमी, असा मात्र नाही. पायांची ताकद, सांध्यांची लवचिकता आणि तोल या तिन्ही गोष्टींचा अंदाज या एका हालचालीतून येतो, एवढंच.

ही सवय कुठे गेली?

पूर्वी व्यायाम वेगळा करावा लागत नसे. पाटावर जेवण, जात्यावर दळण, उकिडवे बसून भांडी घासणे, अंगण सारवणे यांतून दिवसभरात कितीतरी वेळा खाली बसणे-उठणे होई. आता डायनिंग टेबल, सोफा, कमोड आणि स्टाफरूममधील खुर्ची! गुडघे आणि खुबे पूर्ण वाकतच नाहीत. जे वापरत नाही ते शरीर हळूहळू सोडून देते.

खरी अडचण म्हातारपणी कळते. घसरून पडल्यावर हाड मोडले नाही, तरी अनेकांना स्वतःहून उठता येत नाही. तासन् तास जमिनीवर पडून राहणे हेच मग धोक्याचे ठरते.

काय करावे?

एक सतरंजी पुरेशी आहे.

१. कूस बदलणे : उताणे झोपून सावकाश डाव्या व उजव्या कुशीवर वळा. पाठ आणि पोटाचे स्नायू एकत्र काम करतात.

२. सेतुबंधासन : गुडघे वाकवून, पावले टेकवून कंबर उचला. मांड्या व नितंबांना ताकद मिळते.

३. रांगण्याची स्थिती : हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, मग उलट बाजू. यामुळे तोल सुधारतो.

४. उठण्याचा सराव : कुशीवर वळा, हाताने रेटा देऊन बसा, हात-गुडघ्यांवर या, भक्कम खुर्ची धरा, एक पाऊल पुढे टेकवा आणि उभे राहा.

सुरुवातीला प्रत्येक हालचाल ५ वेळा करा. श्वास रोखू नका. आधार घेण्यात कमीपणा नाही, तो हळूहळू कमी करत जायचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते, तर ६५ वर्षांवरील व्यक्तींना तोल आणि ताकदीचे व्यायाम किमान ३ दिवस.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखायला लागले तर तिथेच थांबा.

वेळ मिळत नाही, असे वाटते ना? मग मुलांचा अभ्यास जमिनीवर बसून घ्या, भाजी खाली बसून निवडा, रात्रीचे जेवण सर्वांनी सतरंजीवर करा. घरातील आजी-आजोबांना जमत असेल तर त्यांनाही सोबत घ्या, मात्र उठताना शेजारी थांबा. मुले आपण सांगतो त्यापेक्षा आपण करतो ते लवकर शिकतात. आज जमिनीशी नाते ठेवले, तर सत्तरीतही नातवंडांसोबत खाली बसून खेळता येईल, आणि उठताही येईल.